सुलोचनाबाईंच्या हाडातलं शिसं

मी शिसं बोलतोय.

सोनं नाही, चांदी नाही. शिसं. ट्रकच्या बॅटरीत असतं ते. आणि बोलतोय कुठून, तर नालवाडीच्या सुलोचनाबाईंच्या डाव्या मांडीच्या हाडातून. दचकलात? मीसुद्धा दचकलो होतो. माझ्यासारख्या धातूने माणसाच्या हाडात बिऱ्हाड करावं, आणि तिथपर्यंत त्याला मधात कालवून, चमच्याने, सख्ख्या नवऱ्याने पोहोचवावं, हे मला अजून पटत नाही.

वडीलधाऱ्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी धातू आहे. माझ्यावर कोणी संस्कार केलेले नाहीत, आणि ज्यांनी करायचे होते त्यांनी तेही अर्धवट सोडले. तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

माझा जन्म खाणीतला. ते काही आठवत नाही. आठवते ती बॅटरी. हिंगणघाटहून कापसाच्या गाठी नेणारा एक ट्रक होता, त्याच्या बॅटरीत मी पाटीसारखा उभा असायचो, अंगावर तेजाब घेत. सकाळी ड्रायव्हरने किल्ली फिरवली की इंजिनाला धक्का द्यायचा, एवढंच काम. इमानाचं काम होतं. सहा वर्षं केलं.

मग बॅटरी बसली. भंगारवाल्याने ती फोडली, मला वितळवून माझी वीट पाडली, आणि साबणाने दोनदा हात धुतले. त्याची लहान मुलगी विटेला हात लावायला आली तर केवढ्याने खेकसला, "ए, दूर हो! जहर आहे थे!"

हे लक्षात ठेवा. चौथी शिकलेला माणूस माझ्यानंतर हात धुवत होता.

त्याच्याकडून मला नेलं अण्णाजींनी. अण्णाजींचे आजोबा खरेखुरे वैद्य होते, पंचक्रोशीत नाव होतं म्हणे. अण्णाजींनी स्वतः जन्मभर एका सोसायटीत कारकुनी केली. निवृत्त झाले, घरात कोणी विचारेना, तेव्हा माळ्यावरची आजोबांची वही काढली आणि आठवड्याभरात वैदराज झाले. दारावर पाटी नाही, हातात पदवी नाही. पण पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा आणि सत्तरी पार. आपल्याकडे एवढ्यावर माणूस काहीही होऊ शकतो.

वहीत माझं भस्म करायची कृती होती. मला वितळवून तेलात, ताकात, गोमूत्रात, कुळथाच्या काढ्यात पुन्हा पुन्हा विझवायचं. मग लोखंडी कढईत पिंपळाच्या सालीची पूड टाकत घोटायचं. खलात वाटून मातीच्या दोन परळांत बंद करायचं, सांध्याला कपडमाती करायची, म्हणजे चिखल माखलेलं फडकं गुंडाळायचं, आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजायचं. एका भाजण्याला एक पुट म्हणतात. अशी पुटं साठ.

अण्णाजींनी मला चार दिली.

"गवऱ्या कुठी भेटतात आता?" ते स्वतःशीच बोलत होते. "अन् खड्ड्यापाशी बसवत नाई. गुडघे धरून राह्यले."

ऐकलंत? गुडघ्यांचं औषध करणाऱ्याला गुडघ्यांमुळे औषध करता येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांचा इलाज सेवाग्रामच्या दवाखान्यात चालू होता. तिथल्या गोळ्यांची पट्टी त्याच खलाच्या बाजूला पडलेली असायची. स्वतःसाठी दवाखाना, दुसऱ्यांसाठी मी.

आणि एक खरं सांगून टाकतो, म्हणजे चार की साठ हा वादच मिटेल. साठ सोडा, सहाशे दिली असती तरी मी शिसंच राहिलो असतो. आग माझा रंग बदलते. मला नाही बदलत.

नालवाडीत एक लहानसा बगीचा आहे. सकाळी तिथे म्हाताऱ्यांची बैठक भरते. आधी टाळ्या पिटून हसायचं, मग सुना कशा आहेत ते सांगायचं, मग कोणाला काय झालंय ते. ह्या तिसऱ्या विषयावर अण्णाजींनी मला बाहेर काढलं. बाटलीवर 'चिरयौवन रसायन' असं निळ्या पेनाने लिहिलेलं.

त्यांनी एका वाटीत पाणी घेतलं आणि चिमूटभर मला वरून भुरभुरलं. मी तरंगलो.

"पाहा! शिसं होतं, दगडासारखं जड. आता तरंगून राह्यलं. जड धातूचा जडपणा गेला, तसा देहाचा जडपणा जाते. वही सांगते, मी नाई सांगत."

"वा!" मंडळी म्हणाली. वर चार टाळ्या.

अहो, वाटीभर पाण्यावर हळद भुरभुरा. तीही तरंगते. कणीक तरंगते, चुन्याची भुकटी तरंगते. त्या बाकांवर बसलेल्यांत दोन निवृत्त मास्तर होते. प्रभाकरराव तर विज्ञान शिकवायचे. एकालाही वाटलं नाही की घरी जाऊन एवढं तरी करून पाहावं. जन्मभर पोरांना 'प्रयोग, निरीक्षण, अनुमान' लिहायला लावलं, नाही लिहिलं तर छड्या मारल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा निरीक्षणाआधीच अनुमान.

"एक पथ्य आहे," अण्णाजी म्हणाले. "ह्या दव्याचं नाव तोंडातून काढाचं नाई. कोणालेच सांगाचं नाई का काय घेऊन राह्यलो. डॉक्टरले तं बिलकुल नाई. नाव घेतलं का गुण गेला, समजलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. गुप्त औषधाची ही रीत जुनीच. झाडाची मुळी देणाराही बोलत नाही, घेणाराही बोलत नाही. जुनी म्हटली की कोणी 'काऊन?' विचारत नाही.

त्या बैठकीतून मला घरी नेलं भैय्याजींनी. मेन रोडवर त्यांचं कापडाचं दुकान, आता मुलगा नीलेश बसतो. भैय्याजी पंच्याहत्तरचे, चालायला ताठ, केसांना मेंदी. म्हातारपण आपल्यासाठी नाही असं त्यांचं ठाम मत. बाटली खिशात घातल्यावर त्यांनी ती वरून दोनदा चाचपून पाहिली, इतका आनंद.

मला वाटलं, हेच मला घेणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा झाल्यावर त्यांनी हाक मारली, "अवं, इकडे ये."

सुलोचनाबाई पदराला हात पुसत आल्या. बुटक्याशा, गुडघे वाकडे झालेल्या, पण हात काय हात! उलट्या मडक्यावरची लांब पोळी करणारे हात. सैल पिठाचा गोळा दोन्ही मनगटांवर झेलत झेलत त्या असा वाढवत न्यायच्या की पोळी कोपरापर्यंत यायची, पलीकडचा माणूस दिसायचा तिच्यातून. नालवाडीत कुठेही लग्न असलं की 'सुलोचनाबाईले सांगतलं का?' हा पहिला प्रश्न असायचा.

"काय हाय हे?"

"अण्णाजीचं औषध हाय. गुडघे मोकळे होतीन. घे. अन् नाव नाई घ्याचं कोणापाशी."

"नाव कुठी माहीत हाय मले," त्या हसल्या आणि तोंड उघडलं.

मी त्यांच्या जिभेवर गेलो. मधाने गोड केलेला. त्यानंतर रोज सकाळी, रोज चिमूटभर, न चुकता. बगीच्यात सगळे म्हणायचे, पाहा, बायकोची किती काळजी. स्वतःच्या हातानं औषध देतात. भैय्याजी खाली पाहून हसायचे.

आता मी आत काय केलं ते ऐका. मला त्याची लाज वाटते, पण लपवून काय करू, मी काय माणूस आहे?

मी रक्तात उतरलो आणि रक्त फिकं करू लागलो. आतड्यांना पीळ घातले. हातांच्या नसांपाशी गेलो आणि मेंदूचा निरोप पोहोचू देईनासा झालो. आणि उरलेला मी हाडांकडे वळलो. म्हाताऱ्या बाईचं हाड बिचारं चुन्यासाठी भुकेलेलं असतं. त्याला वाटलं चुना आला. त्याने मला दार उघडलं.

औषध दिवाळीनंतर सुरू झालं, संक्रांतीला पोटात दुखू लागलं. असं दुखायचं की सुलोचनाबाई देवघरासमोर गुडघे पोटाशी घेऊन पडायच्या. भैय्याजींनी अण्णाजींना विचारलं.

"दुखते? मंग तं लागू पडून राह्यलं!" अण्णाजींनी मांडीवर थाप मारली. "इतक्या वर्साचा मळ निघून राह्यला तिच्या पोटातला. आता दोन वेळ दे."

दोन वेळ दिलं.

घरात नात होती, गुंजन. नीलेशची मुलगी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसलेली. का सोडलं ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. फक्त जेवताना टोमणे मारले. तिने पहिल्यांदा म्हटलं, "आजीचा चेहरा पहा ना, कसा पांढरा पडला. दवाखान्यात नेऊ."

"तू तं शिकणं सोडून देल्लं," भैय्याजी म्हणाले. "आता आमाले शिकवतं का?"

नीलेश ताटात पाहत राहिला. बापासमोर बोलायचं नाही, हा त्याचा संस्कार. पन्नाशीला आलेला माणूस, दुकानात नोकरांवर ओरडतो, घरात बापासमोर भाजीत मीठ कमी आहे हेही बोलत नाही. ह्याला आदर म्हणतात आपल्याकडे. मला तर हा आदर भंगारात काढण्याच्या लायकीचा वाटतो.

फाल्गुनात शेजारच्या छायाबाईंकडे साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अंगणात मडकं उलटं घालून चूल पेटली. सुलोचनाबाईंनी गोळा घेतला, मनगटांवर झेलला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा उजवं मनगट वर आलंच नाही. लोंबलं, दोरी तुटलेल्या बाहुलीसारखं. पीठ घसरून चुलीच्या राखेत पडलं.

बाया हसल्या. "थकल्या आता काकू!"

सुलोचनाबाईही हसल्या. डाव्या हाताने उजवा उचलून बघत होत्या, जणू दुसऱ्याचाच कोणाचा तरी आहे. मी त्याच मनगटाच्या नसेत होतो. ते हसू मला सहन झालं नाही.

गुंजनने त्याच दिवशी ऑटो आणला. सेवाग्रामला भरती केलं. आणि भैय्याजींनी निघताना काय केलं? देवघरातली माझी बाटली जाकिटाच्या आतल्या खिशात घातली. तिथेही द्यायचं ना, खंड पडू नये म्हणून.

मी दोन्हीकडे होतो. थोडा बाटलीत, म्हाताऱ्याच्या छातीशी. थोडा खाटेवरच्या बाईच्या रक्तात. मधे तीन हातांचं अंतर आणि डॉक्टर.

डॉक्टर तरुण मुलगी होती. पोट तपासलं, हात तपासला, वही उघडली. "आजी, दुसरं काही औषध चालू आहे? घरगुती, वैद्याचं, काहीही?"

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भैय्याजींनी मान हलवली, इतकी बारीक की फक्त एकोणपन्नास वर्षं त्या मानेकडे पाहत आलेल्या बाईलाच दिसावी.

"नाई," त्या म्हणाल्या.

मी बाटलीत ओरडलो. रक्तात ओरडलो. शिशाचा आवाज कोणाला येतो?

चार दिवस गेले. पोटाची सोनोग्राफी झाली, मेंदूचा फोटो झाला, लकवा आहे का पाहिलं. रोज कोणीतरी विचारायचं, दुसरं काही घेता का? रोज भैय्याजी सांगायचे, "आमच्या घरी साधी आहार-विहाराची पद्धत आहे." आणि रोज दुपारी, नर्स पलीकडे गेली की, जाकिटातून बाटली निघायची. मध त्यांनी प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून आणला होता.

हे मी पाहिलं. दवाखान्याच्या खाटेवर. आजार कशाने झालाय ते डॉक्टर शोधतायत, आणि नवरा त्याच खाटेवर बसून तेच देतोय. वाईटपणाने नाही हो. वाईटपणाने दिलं असतं तर मला कमी धक्का बसला असता. श्रद्धेने देत होता.

पाचव्या दिवशी सुलोचनाबाई माणसं ओळखेनाशा झाल्या. गुंजनला 'छाया' म्हणाल्या. डॉक्टरीण धावत आली, बॅटरी लावून त्यांचं तोंड उघडलं, आणि थांबली. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारखी. ती माझी सही.

ती वळली. आवाज चढला होता. "शिसं जातंय ह्यांच्या पोटात. कुठून जातंय? आत्ता सांगा. नाही कळलं तर मी काही करू शकणार नाही."

नीलेश फरशीकडे पाहत होता. भैय्याजींचा हात जाकिटावर गेला, छातीशी, घट्ट.

गुंजनने तो हात पाहिला.

"आबाजी, खिशात काय हाय?"

"चष्म्याचं घर."

"चष्मा तं डोळ्यावर हाय तुमच्या."

"गुंजन!" नीलेश ओरडला. "आबाजी हायेत ते!"

"अन् थे माई आजी हाय!" म्हणत तिने सरळ जाकिटात हात घातला. म्हाताऱ्याने मनगट धरलं. नातीने ओढलं. एक गुंडी तुटून खाटेखाली गेली. वॉर्डातले सगळे बघत होते. 'आजकालच्या पोरी' असं कोणीतरी बोललंसुद्धा. बाटली डॉक्टरच्या हातात गेली तेव्हा भैय्याजी रडवेले होऊन म्हणाले, "गुण गेला. आता गुण गेला."

त्या वॉर्डातला त्या दिवसाचा हेच सगळ्यात वेडं वाक्य असेल असं मला वाटलं. मी चुकलो.

डॉक्टरने बाटली पाहिली, झाकणातलं भस्म पाहिलं, आणि म्हणाली, "काका, तुमचंही रक्त काढावं लागेल. तुम्ही किती दिवस घेताय?"

भैय्याजी तुटलेल्या गुंडीची जागा चाचपू लागले.

"किती दिवस?"

"मी नाई घेत."

"का? चिरयौवन लिहिलंय. तुम्हाला नको होतं?"

"पाह्यजे होतं ना," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. त्यात काही लपवण्यासारखं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. "पण धातूचं औषध, उष्ण असते. म्हणलं पहिले इले देऊन पाहू. इले मानवलं का मंग मी सुरू करीन."

नीलेशने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

एकोणपन्नास वर्षं त्या घरात एकच पद्धत होती. पहिलं ताट भैय्याजींचं. पहिला आंबा, पहिला चहा, पहिली गरम पोळी भैय्याजींची. सुलोचनाबाई मागून, उरलेलं, गार झालेलं. सगळ्या जन्मात एकच गोष्ट त्या माणसाने आधी बायकोला दिली, आणि ती मी होतो.

सुलोचनाबाईंचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांना वाटलं त्यांना काही कळत नाहीये. मी आत होतो. त्यांचं रक्त क्षणभर कसं थांबलं ते मला ठाऊक आहे.

पुढचं थोडक्यात. रक्त नागपूरला गेलं, माझा आकडा आला, तो वाचून दोन डॉक्टर पुन्हा वाचायला थांबले. मला बाहेर काढणाऱ्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. रक्तातला मी बराचसा लघवीवाटे निघून गेलो. शुद्ध आली, पोटात दुखायचं थांबलं. हात थोडा उचलतो, पण पीठ झेलण्याइतका नाही. डॉक्टर म्हणते, वेळ लागेल. किती ते सांगत नाही.

नीलेश अण्णाजींकडे भांडायला गेला. आयुष्यातलं पहिलं भांडण, त्यामुळे नीट जमलं नाही. अण्णाजी खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "डॉक्टरपाशी नाव घेतलं ना? मंग उलटनच. मी तं सांगतलं होतं." तक्रार झाली आहे, काही सरकारी माणसं येऊन वही घेऊन गेली आहेत. अण्णाजी आता बगीच्यात सांगतात की ते आठवणीतून करू शकतात.

आणि प्रभाकरराव, तेच विज्ञानाचे मास्तर, भेटायला आले. खारीक आणली होती. जाताना दारात भैय्याजींना हळूच म्हणाले, "एक बाटली उरली असन नं तुमच्याकडे? तिले नाई मानवलं, पण मले मानवन कदाचित."

मी काय बोलू? मी जड धातू आहे, पण एवढा जड नाही.

आता मी फक्त हाडात उरलोय. इथून मला कोणतीही कॅप्सूल काढू शकत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं, हाड झिजेल तसा कणाकणाने रक्तात उतरत राहीन. म्हणजे बाई आहेत तोवर मी आहे. चितेवरही मी राखेतच उरणार. मला नको होतं हे घर.

म्हणून एकच मागणं आहे. मला बॅटरीत ठेवा, जमिनीत ठेवा, भंगारात ठेवा. तिथे मी इमानदार आहे. मला तोंडात ठेवू नका. आणि कोणी पांढऱ्या मिशांचा माणूस सांगेल की कोणाला सांगू नका, तेव्हा पहिल्या भेटणाऱ्या माणसाला ओरडून सांगा. ज्या औषधाचा गुण नाव घेतल्याने जातो, त्यात गुण नव्हताच.

परवाची गोष्ट. सकाळची वेळ, तेच देवघर. भैय्याजींनी दवाखान्याची कॅप्सूल तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा गडू. हल्ली ते फार हळू चालतात, केसांची मेंदी उतरलीय. "अवं, घे," म्हणाले.

सुलोचनाबाईंनी कॅप्सूलकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डावा त्यांनी पुढे केला नाही.

दारात गुंजन उभी होती. पुढल्या महिन्यापासून ती पुन्हा कॉलेजला चाललीय, बॅग भरता भरता बाहेर आली होती. तीही थांबली.

"पहिले तुमी घ्या," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मी? मले काऊन? मले कुठी काही झालं?"

"घ्या ना. तुमाले मानवते का पाहू."

भैय्याजींनी कॅप्सूलकडे पाहिलं, पण ती तोंडाकडे नेली नाही. मी हाडातून ऐकत होतो.

मग गुंजन आली, आजोबांच्या तळहातावरून कॅप्सूल उचलली, पाकिटावरचं नाव आजीला मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक अक्षर, आणि तिच्या डाव्या हातात ठेवली. सुलोचनाबाईंनी नाव एकदा स्वतः उच्चारून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हणाल्या.

आणि मग गिळली.